डिजिटल क्युरेशनचं ट्रेनिंग: पावसाळ्यापासून पाडव्यापर्यंत वापरून बघितल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ग्रंथालय आणि अभिलेखागारातल्या लोकांसाठीचं डिजिटल क्युरेशनचं, म्हणजे डिजिटल फाईली पुढेही वाचता येतील अशा जपण्याचं, ट्रेनिंग केलं, आता पाडवा होऊन गेला आणि तेव्हापासून शिकलेलं रोज वापरतेय, म्हणून सविस्तर लिहिते. मी गिरगावातल्या एका जुन्या ग्रंथालयात आहे. आयोजकांचं नाव देत नाही, कारण तक्रारही करायचीय.

सगळ्यात जास्त कामाला आलं ते ड्रॉइड. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाईलचं एक्स्टेन्शन काहीही असो, आतले बाइट्स बघून फॉरमॅट ओळखतं. ट्रेनिंगमध्ये हे घाईघाईत उरकलं होतं. पण आमची जुनी मासिकं स्कॅन होऊन आली तेव्हा करारात टिफ (स्कॅनचा तपशील राखायला वापरतात तो फॉरमॅट) लिहिलेलं, डिस्कवरही सगळीकडे टिफच दिसत होतं, फाईली उघडतही होत्या, आणि ड्रॉइड चालवल्यावर कळलं की एका अख्ख्या खंडाच्या फाईली आतून जेपेग (फाईल लहान करायला तपशील गाळणारा फॉरमॅट) आहेत, नुसतं नाव बदललंय. आमच्या ग्रंथालयातले जुने काका म्हणाले, "ताई, उघडतेय ना, मग झालं की." एक पान भरपूर झूम करून दाखवलं, जोडाक्षरांच्या कडेने चौकोनी डाग पडलेले, रफार तर कागदाच्या रंगात मिसळून गेलेला. मग काकांनीच एजन्सीला फोन लावला आणि तो खंड पुन्हा स्कॅन करून घेतला.

दुसरं बॅगइट, फाईली एकत्र बांधून ठेवायची एक ठरलेली पद्धत. फाईली डेटा फोल्डरमध्ये, सोबत प्रत्येकीचा चेकसम (फाईलवरून काढलेला आकडा, फाईल जराही बदलली की तोही बदलतो) लिहिलेली यादी, एवढंच, पण डिस्कवरून डिस्कवर कॉपी केलं की सगळं तसंच्या तसं आलं का हे लगेच तपासता येतं. आता तीन प्रती ठेवतो, त्यातली एक मुंबईबाहेर, कारण तळमजल्यावर पाणी शिरणं म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको.

आता तक्रार. सरावाचं सगळं मटेरियल इंग्रजी! आमच्याकडे नव्वदच्या दशकापासूनचे अहवाल आणि सूच्या युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फॉन्टमध्ये, टाईप केलेल्या आहेत. ड्रॉइड म्हणतं वर्ड ९७-२००३, बरोबर, चेकसम जुळतो, आणि तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. सर्च तर चालतच नाही. म्हणजे सगळ्या तपासण्या पास आणि मजकूर हातातून गेलेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी ग्रंथालयांत हाच माल पडून असणार आणि ट्रेनिंगमध्ये त्यावर एक अक्षर नाही, याचं खरंच वाईट वाटलं. आम्ही आता मूळ फाईल तशीच ठेवतो, फॉन्टचं नाव मेटाडेटात (फाईलबद्दलच्या नोंदीत) लिहितो, आणि युनिकोड प्रत व पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचं पीडीएफ) बाजूला ठेवतो. युनिकोड प्रत माणसाने वाचून तपासावीच लागते, कन्व्हर्टर ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं हमखास बिघडवतो.

तारखांचंही तसंच. डब्लिन कोअरचे (शीर्षक, लेखक, तारीख अशी माहिती नोंदवायच्या ठरलेल्या पद्धतीचे) १५ घटक शिकवले, छान शिकवले, पण मुखपृष्ठावर फक्त शके १८१५ असेल तर काय लिहायचं? शक चैत्रात बदलतो, त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. महिना माहीत नसेल तर आम्ही १८९३-९४ लिहितो आणि छापलेला शक वर्णनात जसाच्या तसा ठेवतो. हे काकांनी सुचवलं, त्यांना दाखलनोंद रजिस्टर तोंडपाठ आहे. अशा माणसांना ट्रेनिंगला पाठवतच नाहीत, "कॉम्प्युटरचं आहे" म्हणून तरुणांना पाठवतात, हे बदलायला हवं.

ओएआयएसवर, म्हणजे डिजिटल अभिलेखागार कसं चालावं हे सांगणाऱ्या मॉडेलवर, मात्र खूप वेळ गेला. आयएसओ १४७२१, अंतराळ संस्थांच्या डेटासाठी सुरू झालेलं मॉडेल, महत्त्वाचं आहेच, पण पहिल्याच दिवशी त्या सहा चौकटींची आकृती बघून शेजारच्या मॅडमनी वही मिटली. उलट क्रमाने शिकवा ना! आधी प्रत्येकाच्या स्वतःच्या फाईली तपासायला लावा, काय बिघडलंय ते दिसू दे, मग मॉडेल आपोआप समजतं. मी आता आमच्या दोघा नवीन सहकाऱ्यांना असंच शिकवतेय आणि ते स्वतःहून प्रश्न विचारतात.

एकूण, फी वसूल झाली, जरूर करा. जाताना आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या मराठी फाईली पेनड्राईव्हवर घेऊन जा आणि सरावाला त्याच वापरू द्या असं आयोजकांना आधीच सांगून ठेवा.