घरचं आईस्क्रीम मशीन: सोलापूरच्या उन्हात आठ महिने वापरल्यावर

मशीन मार्चमध्ये घेतलं, पाडव्याच्या खरेदीत. आता नोव्हेंबर चालू आहे. पहिल्या पंधरवड्यात लिहायला बसलो असतो तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो, आणि मे महिन्यात लिहिलं असतं तर दोनसुद्धा दिले नसते. आता कौतुकही निवलंय आणि रागही, म्हणून लिहितोय.

आधी मशीन कोणतं ते सांगतो, कारण दुकानदार हे नीट सांगत नाहीत. घरगुती मशीनचे मुख्य प्रकार दोन. एकात कॉम्प्रेसर असतो, म्हणजे ते स्वतःच थंड करतं. बटण दाबा, मिश्रण ओता, झालं. पण त्याची किंमत ऐकून बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं पान उलटलं. दुसरा प्रकार फ्रीझर-बाउलचा. दुहेरी भिंतीचं भांडं, भिंतींच्या मध्ये जेल भरलेलं. भांडं एक दिवस फ्रीझरमध्ये गोठवायचं, मग मशीनवर बसवायचं, आणि वरची मोटर आत पातं फिरवते. मी हा घेतला, साडेपाच हजारांत. बाउल दीड लिटरचा आहे, पण मिश्रण एक लिटरच घालायचं. घुसळताना हवा शिरते आणि ते फुगून वर येतं. पहिल्या दिवशी मी काठोकाठ भरलं होतं, ओट्यावरून फरशीपर्यंत चॉकलेटचा ओघळ गेला.

तर मशीन फक्त ढवळतं. थंडी फ्रीझरची, चव मिश्रणाची. एवढं कळायला मला दोन महिने आणि बरंच दूध लागलं.

पहिली तीन-चार आईस्क्रीमं कचकचीत झाली. दाताखाली बर्फाचे कण. मी मशीनला शिव्या घातल्या, पण चूक कृतीत होती. इंटरनेटवरच्या बऱ्याच कृती परदेशी क्रीम धरून लिहिलेल्या असतात, त्यात ३५ टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो. आपल्याकडे दुकानात पाकिटातलं फ्रेश क्रीम मिळतं ते २५ टक्क्यांचं. माप तेच घेतलं की स्निग्धांश कमी पडतो, पाणी जास्त होतं, आणि पाणी गोठलं की खडाच होणार.

आता माझं माप ठरलेलं आहे. म्हशीचं अर्धा लिटर दूध, आटवून चारशे मिलीवर आणायचं. पाव लिटरची क्रीमची दोन पाकिटं. साखर दीडशे ग्रॅम, दूध पावडर दोन मोठे चमचे, चिमूटभर मीठ. हिशोब केला तर स्निग्धांश १४ टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्याकडे डब्यावर नुसतं 'आईस्क्रीम' लिहायचं तर दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के लागतो, आणि 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेल्या डब्यात वनस्पती तेल असतं. हे मशीन आल्यापासून मी दुकानात डबे उलटे करून वाचतो. मुलगी म्हणते, बाबा, चला ना.

साखर कमी करायचा मोह होतो, तो टाळा. साखर नुसती गोडीसाठी नसते, ती मिश्रणाला दगड होऊ देत नाही. मी एकदा मधुमेही मामांसाठी साखर निम्म्यावर आणली. डबा फ्रीझरमधून काढल्यावर चमचा वाकला, मामांनी ते सुरीने कापून खाल्लं.

दुसरी गोष्ट धीराची. मिश्रण शिजवून गार झालं की लगेच मशीनमध्ये घालू नका, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. दुधाची प्रथिनं पाणी धरून घेतात, स्निग्धांश पुन्हा घट्ट होतो आणि घुसळताना हवा चांगली शिरते. मी एकाच दिवशी अर्धं मिश्रण ताजं आणि अर्धं शिळं असं करून पाहिलं. कोणतं कोणतं ते घरात कुणालाही न सांगता सगळ्यांनी शिळ्याचीच वाटी आधी संपवली.

अंड्याचं कस्टर्ड करायचं तर चार पिवळे बलक पुरतात. पण मिश्रण ८२-८४ अंशांच्या पुढे गेलं की भुर्जी होते. माझी झाली आहे. नंतर शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर आणला. आमच्याकडे आई अंडं खात नाही, त्यामुळे निम्मी आईस्क्रीमं बिनअंड्याची होतात, आणि खरं सांगायचं तर त्यातलंच एक घरात सगळ्यांत आवडतं झालं. त्याबद्दल पुढे.

आता मे महिना. सोलापूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. बाहेर ४३, स्वयंपाकघरात पंखा लावला तरी घाम गळतोय. सकाळी सकाळीच फ्रीज घरघरायला लागतो, मुलं दर दहा मिनिटांनी बर्फासाठी फ्रीझर उघडतात, आणि दुपारी दीड-दोन तास वीज जाते. बाउल चोवीस तास ठेवूनही गोठेना. ओळखायची खूण सोपी आहे: बाउल हलवायचा, आत डुचमळल्याचा आवाज आला तर जेल अजून पातळ आहे. आमचा दोन दिवसांनीही डुचमळायचा. तसाच बसवला की वीस मिनिटांत होणारं आईस्क्रीम चाळीस मिनिटांनीही मिल्कशेकच राहायचं. आणि जितका वेळ जास्त लागतो तितके बर्फाचे कण मोठे होतात, म्हणजे कष्ट करून कचकचीतच खायचं.

त्यातच मेच्या शेवटच्या रविवारी पाहुणे यायचे होते. वीज सकाळपासून नाही. आई म्हणाली, माळ्यावरचा पॉट काढ. लाकडी बादली, मध्ये जस्ताचा डबा, वर हँडल. माझ्या लहानपणी मुंज असो की सुट्टी, तो निघायचाच. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणली, फोडली, तीन थर बर्फ आणि एक थर खडे मीठ असं भरलं. मीठ घातलं की बर्फ वितळताना शून्याच्या खाली जातो, पार उणे १५-२०पर्यंत. पाळीपाळीने हँडल मारलं. अशोक चौकातला मित्र आला होता, तो दारातूनच ओरडला, "काय करायलास बे, साडेपाच हजार घालून पुन्हा पॉटच?" पण पाऊण तासात तीन लिटर आंब्याचं आईस्क्रीम झालं, आणि मशीनमध्ये तोपर्यंत केलेल्या कुठल्याहीपेक्षा मऊ. कारण उघड आहे. बाउल एकदा कोमट झाला की संपला, पॉटमध्ये मात्र बर्फ आणि मीठ घालत राहता येतं.

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्या. फ्रीझरचं तापमान मी उणे १८ वर ठेवतो आणि बाउल शेवटच्या कप्प्यात मागे. बाउल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतो म्हणजे त्यावर बर्फ चढत नाही. उन्हाळ्यात बाउल शनिवारी सकाळी घालून रविवारी संध्याकाळी काढतो, आणि मधल्या काळात फ्रीझरला हात लावायला बंदी. मिश्रण ओतण्यापूर्वी त्याचं पातेलंही बर्फाच्या पाण्यात बसवतो. एवढं केलं की जूनमध्येही २५ मिनिटांत होतं. थंडीत तर १८ मिनिटांतच पातं कुरकुरायला लागतं. या कुरकुरण्याकडे लक्ष द्या. ते झालं की बंद करा, नाहीतर क्रीम घुसळून लोणी सुटतं.

लोण्यावरून आठवलं. पैसे वाचवायला मी घरची साठवलेली साय वापरून पाहिली. आठ दिवसांची होती. शिजवताना कळलं नाही, पण आईस्क्रीम खाताना टाळूला लोण्याचा थर चिकटायला लागला आणि मागून आंबट वास आला. सायीचं तूपच कढवा, असा आमच्या आईचा सल्ला आहे आणि तो मी ऐकतो.

आता चवी. सगळ्यांत जास्त लिहायचंय ते यातच.

खवा. कुंथलगिरीकडचा ताजा खवा मिळाला की बाकी काही लागत नाही. वरच्या मापात क्रीमचं एक पाकीट कमी करून दीडशे ग्रॅम खवा घालतो, गरम दुधात मिक्सरवर फिरवून, नाहीतर गोळ्या राहतात. केशर कोमट दुधात अर्धा तास भिजवून शेवटी. हेच ते बिनअंड्याचं. खाताना जिभेवर पेढ्याची आठवण येते आणि अर्ध्या वाटीच्या पुढे कुणी जात नाही. आईच्या मते नव्वदच्या दशकात सगळ्या घरांत व्हायचं त्या जीएमएस-सीएमसीच्या, म्हणजे मिश्रण दाट करून फुगवणाऱ्या पांढऱ्या पावडरींच्या आईस्क्रीमने जीव जितका भरत नव्हता, तितका याने दोन चमच्यांत भरतो. ते आईस्क्रीम मात्र दुप्पट फुगायचं, हेही ती सांगते.

शेंगा-गूळ. सोलापूरच्या माणसाने हे केलं नाही तर कोणी करायचं. दाणे खमंग भाजून मिक्सरवर तेल सुटेपर्यंत वाटले. गूळ गरम दुधात घातला की दूध नासतं, म्हणून मिश्रण गार झाल्यावर गुळाचं पातळ काढलेलं पाणी घातलं. गुळातल्या साखरांमुळे हे आईस्क्रीम फ्रीझरमध्येही मऊच राहतं. वर चिक्कीचा चुरा घालायचा होता, पण तो रात्रीत पाणी पिऊन चिवट झाला. पुढच्या वेळी चुऱ्याला आधी तुपाचा हात लावला, मग दोन दिवस कुरकुरीत टिकला. सासऱ्यांनी दोन वाट्या खाऊन विचारलं, आता शेंगाचटणीचं कधी?

सीताफळ. बार्शीकडचं मोठं, कमी बियांचं फळ आणा. तिथल्याच गोरमाळे गावच्या बागेतून निघालेलं एनएमके-१ गोल्डन हे वाण मिळालं तर उत्तम, त्यात गर भरपूर असतो. एकच नियम, गर कधीही तापवायचा नाही. तापवला की कडवट होतो. मी पहिल्यांदा दुधातच शिजवला आणि लिटरभर ओतून दिलं. आता आटवलेलं मिश्रण पूर्ण गार करून, मशीन चालू करण्याच्या पाच मिनिटं आधी गर घालतो.

डाळिंबाने मात्र हरवलं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावला, भगवा डाळिंब मार्केट यार्डात ढिगाने, मग आपण डाळिंबाचं आईस्क्रीम का करू नये? तर रसात पाणीच पाणी. रस पाव करून आटवला तर रंग आला, पण ताजेपणा गेला, आणि वरून घातलेले दाणे फ्रीझरमध्ये खड्यासारखे झाले. तीन प्रयत्नांनंतर सोडलं. डाळिंब खाऊनच टाका.

चॉकलेटबद्दल एकच: कोको पावडर दुधात पाच मिनिटं उकळा, नाहीतर चव कच्ची लागते. डार्क चॉकलेट घातलं तर क्रीम कमी करा, कोको बटर फ्रीझरमध्ये घट्ट होतं.

मशीनमधून निघालेलं आईस्क्रीम मऊ असतं, सॉफ्टीसारखं. ते लगेच पसरट स्टीलच्या डब्यात भरून, वर बटर पेपर चिकटवून चार-पाच तास फ्रीझरमध्ये. खोल प्लास्टिकच्या डब्यापेक्षा पसरट स्टीलमध्ये लवकर घट्ट होतं आणि कणही बारीक राहतात. वाढण्यापूर्वी दहा मिनिटं बाहेर, मेमध्ये तीन पुरतात.

खर्चाचा प्रश्न सगळे विचारतात. खव्याचं सोडलं तर लिटरला तीनशेच्या आसपास जातो, वीज आणि माझा रविवार वेगळा. पण एक लिटरचा डबा वजन करून बघा. आपल्याकडे नियमानुसार लिटरभर आईस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम लागतं, बाकीची हवा. माझा लिटरचा डबा साडेआठशेच्या वर भरतो. म्हणून अर्धी वाटी पुरते.

तक्रारी. पाचव्या महिन्यात पात्याची प्लास्टिकची खाच तडकली. घट्ट झाल्यावरही मी चालू ठेवलं होतं, थोडी चूक माझी. पण कंपनीच्या फोनवर रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि पातं यायला तीन आठवडे. वॉरंटीत फक्त मोटर बसते, असं शेवटी कळलं. घेण्यापूर्वी पातं सुटं मिळतं का ते विचारा. बाउलमध्ये स्टीलचा चमचा घालू नका, चरे पडतात. गरम पाण्याने धुऊ नका. आणि फ्रीझरमधून काढताना ओला हात लावू नका, कातडी चिकटते. हे मी अनुभवाने सांगतोय.

घ्यावं का? दोन दारांचा फ्रीज असेल, फ्रीझरचा निम्मा कप्पा कायमचा द्यायची घरच्यांची तयारी असेल, आणि आठवड्यात एकदाच पण दाट खायचं असेल, तर घ्या. रोज मुलांना हवं म्हणून घेत असाल तर नको, चोवीस तासांत एकच फेरी होते. एक दाराचा फ्रीज असेल तर अजिबात नको, त्याचा बर्फाचा कप्पा एवढा थंड होतच नाही. मी चार स्टार देतो, एक त्या पात्यासाठी कापला.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकू मशीन मागायला आल्या. त्यांचा फ्रीज एक दाराचा. म्हटलं, मशीन राहू द्या काकू, मिश्रण तेवढं घेऊन या, बाउल गोठलेला आहे. त्या दिवाळीची उरलेली बासुंदी घेऊन आल्या, जायफळ-वेलचीची, वरून एक पाकीट क्रीम घातलं. बावीस मिनिटांत झालं, जरा जास्त गोड होती म्हणून मऊच राहिलं. डबा काखेत मारून जाताना जिन्यातून त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी बाउल कुणाला दिलायस का रे?"