बीबीसी मायक्रोला ऑफिसातला जुना चौकोनी मॉनिटर: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकालच सांगतो. बीबीसी मायक्रो मॉडेल बी या जुन्या घरगुती कॉम्प्युटरसाठी नवा वाइडस्क्रीन घेऊ नका. १२८० बाय १०२४ चा सेकंडहँड १९ इंची एलसीडी आणि रास्पबेरी पाय झीरो या चिमुकल्या कॉम्प्युटरवर चालणारा ‘आरजीबी टू एचडीएमआय’ बोर्ड (जुन्या मशीनचं चित्र आजच्या मॉनिटरला देणारा) ही जोडी मी पावसाळ्यापासून वापरतोय, आणि बदलायचं मनात नाही.

एकॉर्न या ब्रिटिश कंपनीचं हे मशीन १९८१ सालचं. आपल्याकडे १९८४ च्या सुमारास सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून हेच शाळांमध्ये आलं होतं, त्यामुळे पन्नाशीतल्या बऱ्याच जणांची बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेशी पहिली गाठ यावरच पडली असेल. मागे व्हिडिओची तीन सॉकेट आहेत. टीव्हीचं यूएचएफ विसरा. बीएनसी या गोल सॉकेटवरचं कंपोझिट (सगळं चित्र एकाच तारेवर) मुळात ब्लॅक अँड व्हाइट येतं. आतली एस ३९ लिंक जोडली की रंग मिळतात, पण ८० कॉलमच्या मोड ० मध्ये (मोड म्हणजे या मशीनच्या चित्राचे ठरलेले प्रकार) मजकूर फिसकटतो. त्यात स्वस्तातली एव्ही-टू-एचडीएमआय डबी लावली तर ती ५० हर्ट्झचं चित्र ६० वर नेते आणि स्क्रोल होणारी प्रत्येक गोष्ट अडखळत सरकते. पैसे वाया.

राहिलं सहा पिनांचं आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांवर. हा बोर्ड तिथला टीटीएल (नुसता चालू-बंद असा डिजिटल) सिग्नल पिक्सेलच्या ठोक्यावर उचलतो, त्यामुळे धूसरपणाचा प्रश्नच येत नाही. पाच व्होल्टही त्याच सॉकेटमधून मिळतात, वेगळा अडॅप्टर लागत नाही. आणि आता खरी मजा: मोड ० चं चित्र ६४० बाय २५६. आडवं दुप्पट, उभं चौपट केलं की बरोब्बर १२८० बाय १०२४! बीबीसी बेसिकमधली ग्राफिक्सची मापंसुद्धा १२८० बाय १०२४ अशीच धरलेली आहेत. DRAW ने काढलेलं वर्तुळ या पडद्यावर गोलच दिसतं. वाइडस्क्रीनवर एकतर बाजूला काळे पट्टे येतात, नाहीतर वर्तुळाचा बटाटा होतो.

‘एलीट’ हा खेळ वरचा भाग मोड ४ मध्ये आणि खालचं पॅनेल मोड ५ मध्ये दाखवतो, म्हणजे एका फ्रेमच्या मध्येच मोड बदलतो. तेही व्यवस्थित दिसतं, आणि कळ दाबल्यावर उशीर मला तरी जाणवत नाही.

मोड ७, म्हणजे टेलिटेक्स्टसारख्या मजकुराचा मोड, त्यावर मात्र मी सीआरटीच्याच (जुन्या काचेच्या ट्यूबवाल्या मॉनिटरच्या) बाजूने. टेलिटेक्स्टची ती गोलसर अक्षरं काचेच्या ट्यूबवर जशी भरीव दिसतात तशी इथे दिसत नाहीत, जरा करकरीत वाटतात. पण सीआरटीचा फ्लायबॅक (ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) गेला तर आता दुरुस्त कोण करणार? त्यामुळे तक्रार गिळली.

किरकोळ त्रास एकच: पाय झीरोचं मिनी-एचडीएमआय सॉकेट नाजूक आहे, जाड केबलच्या वजनाने ते सैल झालं. आता केबल टायने टेबलाच्या पायाला बांधून टाकलीय. आवाजाची चिंता नको, स्पीकर मशीनच्या आतच आहे; म्हणून मॉनिटरला फक्त डीव्हीआय असलं तरी साध्या केबलवर भागतं.

मॉनिटर घेताना ५० हर्ट्झ तेवढं तपासा. मी आधी बघितलेला एक ‘आऊट ऑफ रेंज’ म्हणून गप्प बसला. दुकानदाराला विचारून काही कळत नाही. लॅपटॉप सोबत न्या, १२८० बाय १०२४ ला ५० हर्ट्झचं कस्टम रिझोल्यूशन लावा, चित्र स्थिर दिसलं तरच पैसे काढा.