जांभ्याच्या भिंतीला चुन्याच्या दरजा: माल उत्तम, घाई नडली

राजापूरकडच्या एका जुन्या, जांभ्या दगडाच्या चिरेबंदी घराच्या दरजांमधलं, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांमधलं, सिमेंट काढून त्या पुन्हा चुन्यात भरण्याचं काम एका पथकाने या मोसमात केलं. मालाला पैकीच्या पैकी, हत्यारांना निम्मे, पाणी मारण्याला जेमतेम पास.

माल आधी. कळीचा चुना जागेवरच विरवून, चाळून, महिनाभर पाण्याखाली मुरवलेला. गवंड्याची करणी (थापी) उपडी केली तरी चिकटून राहत होता. प्रमाण एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग वाळू. वाळू खाडीची असली तरी तीन पाण्यांत धुतलेली. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहावी, खारट लागली तर परत धुवायला लावावी.

एवढा खटाटोप कशाला? जांभा पावसात पाणी पितो आणि उघडीप मिळाली की दरजेतून सोडतो. तिथे सिमेंट बसलं की ओल चिऱ्याच्या तोंडातून निघते, मीठ तिथेच खडे धरतं आणि चिरा पोखरतो. मग सिमेंटची जाळी पुढे नि चिरे आत, पोळ्यासारखे. इंग्लंडातल्या विटांच्या जुन्या शेतघरांचंही हेच दुखणं. पोर्टलंड सिमेंटचं 1824 चं पेटंट तिकडचंच, पण जुन्या विटेला जाणते गवंडी चुनाच लावतात. तिकडे पाणी गोठून वीट फुटते, इकडे ते काम मीठ करतं.

ओटीकडच्या भिंतीवर मात्र सिमेंट काढायला ग्राइंडर फिरवला. 12 मिमीची दरज 20 झाली. जांभा खाणीत मऊ असतो, हवा लागून वरून टणक होतो. ती टणक कड कापली की आतला भुसा उघडा पडतो. मागच्या बाजूला छिन्नी-हातोडीने केलं, वेळ दुप्पट लागला पण कडा शाबूत. दरजेची खोली मात्र सगळीकडे 25 मिमी मोजून घेतली, त्यात कुचराई नाही.

खरी चूक पश्चिमेच्या भिंतीवर. भरण्याआधी भिंत भिजवली, पण दरजा ओल्या राहाव्यात म्हणून लावलेलं ओलं गोणपाट मार्चच्या उन्हात चौथ्याच दिवशी काढलं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घट्ट होतो आणि त्याला ओल लागते. आधीच सुकला तर पीठ होतो. नखाने ओरखडलं की भुकटी येते, आणि फोडलेल्या कपच्यावर फिनॉल्फ्थलीनचा (चुना अजून कच्चा असला की गुलाबी होणाऱ्या द्रावणाचा) थेंब टाकला तर गडद गुलाबी. सावलीतल्या मागच्या भिंतीवर रंग फक्त आतल्या बाजूला.

या पथकाला बोलवायचं तर दिवाळीनंतर लगेच बोलवावं, काम फेब्रुवारीच्या आत संपेल असं बघावं. ग्राइंडर नाही आणि गोणपाट दोन आठवडे ओलं, हे कागदावर घ्यावं. पश्चिमेची भिंत खरवडून पुन्हा भरून द्यायला पथक तयार आहे, पण पावसाळ्यानंतर. तोवर पावसापासून वाचवायला मेअखेरीस तिला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधावी लागतील.