सभा, ग्रुप की ओटा?

शेजारच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, नव्यानं रुजू झालेल्या एका बाईंनी परवा विचारलं, "सर, मूल्यमापनातले बदल पालकांना सांगायचेत. सभा लावू की ग्रुपवर टाकून देऊ?" मी घाईत होतो. "सभा लावा," म्हणून मोकळा झालो. घरी आल्यावर मात्र खटकत राहिलं, कारण मी स्वतः गेली दोन वर्षं या कामासाठी सभा लावलेली नाही. तेव्हा बाई, आता तुम्हाला नीट सांगतो.

आकारिक म्हणजे वर्षभर चालता-चालता केलेलं मूल्यमापन, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, आणि वर्णनात्मक नोंदी म्हणजे मुलाला काय येतं ते शब्दांत लिहिणं, हे तुम्हाला पाठ आहे. २०१० च्या ऑगस्टमधला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा तो शासन निर्णय आपण सगळ्यांनीच कोळून प्यायलाय, त्यामुळे त्याचं गुऱ्हाळ नको. आपल्या दोन शिक्षकी शाळेला पालकांपर्यंत जायच्या तीन वाटा आहेत. एक सभा, दुसरा व्हॉट्सॲपचा ग्रुप. तिसरी वाट म्हणजे वस्तीवर कुणाच्या तरी ओट्यावर पाच-सहा पालक गोळा करायचे आणि त्यांच्याच मुलांच्या वह्या-उत्तरपत्रिका पुढे मांडून बसायचं.

सभेची बाजू आधी घेतो, कारण ती लंगडी नाही. सगळ्यांना एकदम, एकाच शब्दांत सांगितलं जातं. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात. त्यांच्यादेखत बोललेलं पुढे 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' या वादात कामाला येतं. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून सुरू झाली, तेव्हा हे सभेतच सांगायला हवं असं मलाही वाटलं होतं. तेरा-चौदा वर्षं आपणच 'आठवीपर्यंत नापास नाही' म्हणत आलो. आता पाचवीला प्रत्येक विषयात ३५ टक्के, म्हणजे ५० पैकी १८ लागणार, कमी पडले तर पुन्हा परीक्षेची संधी आणि त्यातही राहिला तर त्याच वर्गात, हे चौकात एकदा मोठ्यानं सांगावंच लागतं.

जानेवारी २०२४ मध्ये सभा लावली. मी फळ्यावर ५०, १८, ३५ टक्के लिहितोय आणि इकडे सह्यांची वही फिरतेय. ती वही नसती, तर कदाचित मी अजून सभाच लावत बसलो असतो. सतरंजीवर पहिल्या रांगेपासून ती मागे मागे जात होती आणि माणसांची डोकी तिच्याबरोबर वळत होती. वही कुठं पोचली, पेन कुणाकडं अडकलं, अंगठा असेल तर पॅड कुठाय! ज्यांची सही झाली त्या बाया पदर सावरून उठायला लागल्या, कारण कांद्याच्या लागणीचा रोज बुडत होता. त्यांना तरी काय म्हणणार? मधेच मुख्याध्यापकांनी 'जरा इकडं बघा' म्हणत फोटो काढला, कारण तो केंद्रप्रमुखांना पाठवायचा होता. प्रश्न विचारले ते नेहमीच्या तिघांनीच, आणि त्या तिघांची पोरं वर्गात पहिल्या पाचात आहेत.

शेवटी वही एका बापाकडं गेली. पोरगा पाचवीत, गणितात कच्चा. त्यानं पेन हातात धरलं आणि हळूच विचारलं, "गुरुजी, ही सही कशापायी? पोरगं नापास झालं तर आमची तक्रार नाही, म्हणून?"

पाऊण तास बोलून मी त्याला एवढंच पोचवलं होतं.

आठवड्यानं त्याच्या वस्तीवर गेलो. पोराची संकलित एकची, म्हणजे पहिल्या सत्राच्या परीक्षेची, गणिताची उत्तरपत्रिका बरोबर नेली. ओट्यावर बसलो, चहा आला, शेजारच्या दोन वहिनी आपापल्या पोरांना घेऊन टेकल्या. बापाला लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण आकडे चोख. मी वजाबाकीच्या गणितांवर बोट ठेवलं. तीन बरोबर, चार चूक. तो स्वतःच एकेक तपासायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "ह्ये चारही हातच्याचे हायेत. म्हंजे वजाबाकी येती त्याला, हातच्यात मार खातो." तुम्ही-आम्ही वर्णनात्मक नोंदीत जे लिहायला धडपडतो ते त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. मग १८ म्हणजे काय, पुन्हा परीक्षा कशाला, हे समजवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ओट्याची सवय मला तिथून लागली.

आता ग्रुप. परगावी असलेल्या पालकांसाठी त्याला पर्याय नाही, हे आधी मान्य करतो. चाकणला कंपनीत असलेला बाप ओट्यावर कुठून येणार? त्याला मी दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवतो, तो रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत ऐकतो आणि कधी कधी उलट प्रश्नही विचारतो. पण पीडीएफ टाकणं म्हणजे सांगणं नव्हे. शिवाय ग्रुपवर जुना कागद मरत नाही. २०२५ मध्ये पहिलीचा नवा अभ्यासक्रम आला तेव्हाचं आठवा. पहिलीपासून हिंदी शिकवण्याबद्दलचा १६ एप्रिलचा शासन निर्णय, मग १७ जूनचा सुधारित, आणि २९ जूनला दोन्ही रद्द. आमच्या ग्रुपवर एप्रिलचा कागद जुलैतही कुणीतरी 'महत्त्वाचे' लिहून पुढे ढकलत होतं. एक आई तर हिंदीची वही घेऊन शाळेत आली. मी खुलासा टाकला, त्यावर सतरा अंगठे आले. ते वाचून आले की न वाचता, कुणास ठाऊक.

अभ्यासक्रमाच्या बाबतीत तर ओट्याला तोडच नाही, असं मला वाटतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं आणि त्यावरून विधानसभेपर्यंत गाजलं, हे विसरला नसालच. ती कुरकुर अजून निघते. गेल्या वर्षी एका आजींनी मला धारेवरच धरलं. "आमच्या येळंला पंचवीस म्हंजे पंचवीस. ही पोरगी वीस पाच म्हणती. भाषा बाटवली तुमी." मी नातीला म्हटलं, बाळा, पंचवीस लिही. तिनं पाटीवर आधी पाच लिहिला आणि त्याच्यापुढं दोन. 'पंच' आधी ऐकू आलं, तो आधी लिहिला. मग म्हटलं, आता वीस पाच लिही. बरोबर लिहिलं. आजींनी चिंचोके काढले, दहा-दहाच्या दोन ढिगल्या आणि पाच सुटे मांडून नातीकडून दोनदा मोजून घेतले. त्यांना पटलं असं नाही म्हणणार. पण "दोनी शिकवा मग," एवढं म्हणाल्या, आणि पुस्तकाचंही म्हणणं तेवढंच आहे.

आकारिक-संकलितचा सगळ्यात सोपा अर्थही मला ओट्यावरच मिळाला. तिसरी-चौथीला ६० भाग आकारिकचे आणि ४० संकलितचे, असं मी सांगत होतो. एक ताई म्हणाल्या, "म्हणजे वावरातली रोजची फेरी वेगळी आणि मार्केटचा काटा वेगळा." मी तेव्हापासून हेच वापरतो. पहिली-दुसरीला फेरीला ७० आणि काट्याला ३०, असं म्हटलं की पुढचं विचारायची गरज पडत नाही.

ओट्याचे तोटे लपवत नाही. वेळ फार जातो. माझ्या वर्गात अठ्ठावीस मुलं आहेत, त्यांना पाच संध्याकाळी लागतात, आणि त्याच दिवसांत चाचण्यांचे गुण ऑनलाइन भरायचे असतात. काही घरी चहा नाकारता येत नाही, काही घरी जाताच येत नाही, कारण भावकीत बोलणं नसतं. एकाच्या ओट्यावर दुसरा येत नाही, मग देवळाचा पार शोधावा लागतो. आणि इतरांसमोर कुणाचीही उत्तरपत्रिका उघडायची नाही, हे कटाक्षानं पाळा. मी सुरुवातीला चुकलो होतो आणि एका आईचे डोळे भरून आले होते. आता कच्च्या मुलाची वही सगळे उठल्यावर काढतो. शहरात एका तुकडीत साठ मुलं असतील तर हे जमेल का, याबद्दल मी ठाम बोलू शकत नाही. तिथं सभेनंतर वर्गातच चार-चार पालकांना थांबवून बघता येईल.

तर बाई, सभा लावायची तर लावा. नियम, तारखा, ठराव तिथंच शोभतात. ग्रुपवर तारीख आणि आवाजी निरोप टाका, शासन निर्णय शक्यतो नको. पण पाचवीच्या पालकांसाठी तरी एक फेरी वस्तीवर माराच, आणि ती दिवाळीची सुट्टी संपल्या संपल्या. एकदा लागण सुरू झाली की ओट्यावर फक्त कुत्री सापडतात.