8 महिने दोन टाइमटेबलांवर अभ्यास केला, त्याचा अनुभव

जुलैपासून ही पद्धत वापरतोय, म्हणजे आठ महिने झाले, आता बोलायला हरकत नाही. आधी सांगतो, मी सांगली जिल्ह्यातला, तासगाव तालुका, घरची दीड एकर द्राक्षबाग, थोडा ऊस, दोन म्हशी आणि वरनं कंबाइन्डची (एमपीएससीची संयुक्त परीक्षा) तयारी. पुण्यात रूम घेऊन राहणाऱ्या पोरांचं बघून मी पण टाइमटेबल बनवलेलं, पहाटे 5 ते 8 पॉलिटी, 9 ते 12 गणित, रंगीत पेनं वापरून वगैरे. चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी शेतीची लाइट रात्रीची आली, उसाला पाणी पाजून साडेचारला घरी आलो, पाचची पॉलिटी कोण करणार?

मग फुकटातलं एक ॲप घेतलं, काम झालं की टिक करायचं आणि सलग किती दिवस झाले ते दाखवतं. 23 दिवस झालेले नि त्याच रात्री म्हैस व्याली, झालं, आकडा परत शून्यावर. एवढा राग आला की पुढं दोन दिवस पुस्तकच उघडलं नाही. ॲपची चूक नाही म्हणा, त्याला म्हशीचं काय माहीत.

डोक्यात प्रकाश पडला तो स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडं बघून. आई त्यावर दुधाचा हिशोब लिहिते आणि त्याच चौकटीत पप्पा लाइटीची पाळी लिहितात, दिवसाची असली तर 'दि', रात्रीची असली तर 'रा'. म्हटलं आपल्या घरात दिवसच दोन जातीचे आहेत तर टाइमटेबल एकच कशाला काढतोय आपण! मग दोनशे पानी वही आणली आणि दोन पानं केली. 'दि' च्या आठवड्यात दिवस रानात जातो, म्हणून धारा झाल्यावर साडेसहा ते नऊ आणि रात्री जेवून अकरापर्यंत अभ्यास. 'रा' असली की सकाळी नऊपर्यंत झोप (हे पानावर लिहिलंय, त्यामुळं घरचे उठवत नाहीत, हा फायदा वेगळाच) आणि दुपारी बारा ते पाच अभ्यासिका.

रात्री दारं धरताना (म्हणजे सऱ्यांना पाणी पाजताना) पण थोडं होतं बरं का. ते पोमोडोरो म्हणतात ना, फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या माणसानं 1980 च्या दशकाच्या शेवटी काढलेलं, टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं सुट्टी, ते मला रानातच नीट कळलं. आमच्या मोटरला चार सऱ्या भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढं बांधावर बसून वाचायचं, मग उठून दारं मोडायचं, परत बसायचं. टायमरची गरजच नाही, पाणी फुटलं की पप्पांचा आवाज येतोच. फक्त सुरुवातीला मी तिथं इतिहास घ्यायचो नि सकाळी एक सन आठवायचा नाही. आता रात्री फक्त चालू घडामोडी आणि जुने प्रश्न. गणित तर अजिबात नको, हेडटॉर्चवर किडे येतात आणि अर्धं लक्ष पायाजवळ साप आहे का यात असतं.

ऑक्टोबरला फळछाटणी झाली आणि दोन्ही पानं बाद! पोंगा (कोवळा फुटवा) निघाला की बागेला डोळ्यात तेल घालून बघावं लागतं, पाऊस पडला तर डाऊनीच्या (बुरशीचा रोग) भीतीनं पहाटेच औषध मारायला जायचं, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), मग थिनिंगची (मणी विरळ करायची) टोळी. तेव्हा तिसरं पान काढलं, नाव 'औषधाचं पान'. त्यावर दोनच गोष्टी, रोज गणिताचे 20 प्रश्न आणि रविवारी एक जुना पूर्व पेपर, 100 प्रश्न 60 मिनिटांत. बाकी काही लिहायचंच नाही. चाळीस दिवस एवढंच केलं आणि खरं सांगू का, सगळ्यात कामाचं पान हेच निघालं, कारण आधीच्या वर्षी याच दिवसांत अभ्यास पूर्ण सुटलेला नि परत सुरू करायला संक्रांत उजाडलेली.

आता तोटे. पहिल्यांदा दहा तास लिहून तीन तास व्हायचे, आता पाच लिहितो नि चारेक होतात, म्हणजे लय काही चमत्कार नाही. दुसरं म्हणजे पळवाट सापडते, लाइट गेली आणि पाणी पाजायचं राहिलं तरी मी 'रा' आहे म्हणून नऊपर्यंत लोळलोय, पप्पा विचारतात, "आज कुठलं पान हाय साहेब, वाचायचं का झोपायचं?" आणि रविवारच्या रिव्हिजनचं मला आजपर्यंत जमलेलं नाही, कुणाचं तरी बारसं, नाहीतर जावळ असतंच.

खर्च वहीचा तेवढाच. आता माल निघालाय, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि त्यातच ताईचं लग्न धरलंय. त्याचं पान काढायला तीनदा बसलो, अजून कोरंच आहे.