स्टीलचा क्लिपवाला डबा, आणि त्या 'बीपीए फ्री' स्टिकरबद्दल

तुळशीबागेत एका भांड्यांच्या दुकानातून घेतलाय, ब्रँड बिँड काही नाही, आतबाहेर स्टील, चार बाजूंनी क्लिपा, झाकणाला सिलिकॉनची रिंग. घासाघीस करून साडेसहाशेला पडला. सुकी भाजी, उसळ, घट्टसर आमटी काहीही न्या, बॅग कोरडी. कढी मात्र नेऊ नका. आणि मधला पडदा झाकणाला टेकत नाही, त्यामुळे लोणच्याचं तेल हमखास पोळ्यांच्या घरात घुसतं, त्याचा एक स्टार कापला.

दुकानदार आधी प्लास्टिकचाच डबा दाखवत होता, "ताई, बीपीए फ्री आहे बघा." (बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए, काही प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन.) आता गंमत अशी की तो डबा उलटा केला तर खाली त्रिकोणात ५ नंबर (हा नंबर प्लास्टिकचा प्रकार सांगतो), म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, आणि त्यात बीपीए मुळात घालतच नाहीत. शेंगदाणा तेलावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहितात ना, तसलाच प्रकार! बीपीए असतो तो पॉलीकार्बोनेट नावाच्या कडक प्लास्टिकमध्ये (ते ७ नंबरात येतं, पण ७ म्हणजे 'इतर सगळं', त्यामुळे नुसत्या नंबरावरून कळत नाही), डबाबंद खाण्याच्या आतल्या अस्तरात, आणि दुकानातल्या गुळगुळीत बिलाच्या कागदावर सुद्धा.

हा बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची नक्कल करतो, म्हणजे पेशींमध्ये इस्ट्रोजेनची जी जागा असते तिथे जाऊन बसतो, आणि हार्मोन्सचं काम मुळातच अगदी चिमूटभर मात्रेवर चालतं म्हणून ही लुडबुड नडते. हे आजचं नाही बरं का, १९३६ सालीच इंग्लंडमध्ये डॉड्स नावाच्या शास्त्रज्ञाने बीपीएचा हा गुण नोंदवला होता, आणि तरी १९५० नंतर त्याचंच प्लास्टिक बनवून घरोघरी गेलं. युरोपने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांतून तो काढला, आणि २०२३ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची सुरक्षित मर्यादा एकदम २०,००० पटीने खाली आणली. वीस हजार पट, विचार करा. शिवाय बीपीए काढून बऱ्याच ठिकाणी बीपीएस घालतात, तो त्याचाच भाऊ, तोही हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतोच.

म्हणून माझं म्हणणं, स्टिकर बघून भाळू नका, गरम आणि तेलकट काय कशाला लागतंय ते बघा. बाहेरून रंगीत, आत स्टीलची वाटी आणि वर प्लास्टिकचं झाकण असले डबे खूप आलेत, त्यात वाफाळती भाजी भरून झाकण लावलं की सगळी वाफ झाकणालाच लागून परत भाजीत टपकते, मग स्टीलचे पैसे कशाला दिले? आणि 'मायक्रोवेव्ह सेफ' म्हणजे मुख्यतः डबा वितळणार नाही, वाकडा होणार नाही एवढंच.

हो, डबा बदलला म्हणून थायरॉईड नाहीतर पीसीओडी बरं होत नाही, व्हॉट्सॲपवर काहीही फिरतंय, गोळ्या चालू ठेवा.

तोटे म्हणाल तर जड आहे, आणि ऑफिसात गरम करायचं तर भाजी चिनी मातीच्या प्लेटमध्ये काढावी लागते, मग ती प्लेट धुवा. रिंगला लसणाचा वास बसतो, ती काढून धुवायची, आणि परत बसवताना उलटी बसली की क्लिप लागतच नाही. सुटी रिंग त्याच दुकानात मिळते, डबा घेतानाच एक जास्तीची मागून घ्या.