नाशिकच्या गंगापूर रोडवरची मल्टीथ्रेडिंगची रविवारची बॅच: सेमाफोर नीट समजून घ्यायचा असेल तर नक्की जा

मल्टीथ्रेडिंग म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये अनेक कामं (थ्रेड) एकाच वेळी चालवणं, आणि सेमाफोर म्हणजे त्यातल्या किती जणांनी एका वेळी पुढे जायचं हे मोजणारी सोय. आधी निकाल सांगते, मग कारणं. ज्यांना सी भाषा थोडीफार येते, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) बघून घाबरायला होत नाही, आणि जे कामात किंवा प्रोजेक्टमध्ये थ्रेड वापरतात त्यांनी ही बॅच करावीच. अगदी नवशिक्यांनी मात्र अजून सहा महिने थांबावं. चौकशीला गेलं की काउंटरवर "एकदम बेसिकपासून" असं सांगतात पण तसं नाहीये, पहिल्याच रविवारी थेट थ्रेड तयार करायला लावतात आणि आमच्या बॅचला एक मुलगी त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून आलीच नाही, वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हती, तिला आधी खरं सांगायला पाहिजे होतं.

मी अंबडला एका छोट्या कंपनीत आहे. मशीनवरून येणारा डेटा वेगवेगळे थ्रेड गोळा करतात आणि एकाच बफरमध्ये (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेत) टाकतात असं आमचं काम. सेमाफोर कोडमध्ये होताच, तो तिथे का आहे हे मला मुळापासून समजून घ्यायचं होतं. इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला सेमाफोर सगळ्यांनीच लिहिलेला असतो, व्याख्या, वेट आणि सिग्नल, जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचं ते ठरलेलं कोडं, मार्क मिळतात आणि विषय संपतो. इथे तसं नाही होत. शिकवणाऱ्या मॅडम एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रामिंगमध्ये) बरीच वर्षं काम करून आलेल्या आहेत आणि त्यांचा नियम असा की आधी प्रोग्राम मोडलेला बघायचा, तो का मोडला ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मगच औषध.

पहिला प्रोग्राम अगदी साधा. दोन थ्रेड, एकच काउंटर, प्रत्येकाने तो दहा लाख वेळा एकने वाढवायचा. उत्तर वीस लाख यायला पाहिजे, येतं काहीतरी कमीच आणि दर वेळी वेगळं. कारण एकने वाढवणं ही आपल्याला एक गोष्ट दिसते, आत मात्र तीन असतात, मेमरीतून वाचा, वाढवा, परत लिहा, आणि दोघांनी एकाच वेळी जुनी किंमत वाचली की एकाची वाढ गायब. इथपर्यंत कुठेही शिकवतात. पण मग त्यांनी कंपायलरचं (आपला कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामचं) ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड आपोआप वेगवान करायची सोय, चालू करायला लावलं आणि उत्तर बरोबर यायला लागलं! वर्गात सगळे खूश. मॅडम म्हणाल्या, "चूक गेली का लपली?" कंपायलरने आख्खा लूप एका बेरजेत गुंडाळला होता म्हणून दोन थ्रेडची टक्कर व्हायची वेळच येत नव्हती, चूक जागच्या जागीच होती. टेस्टिंगला चाललं म्हणजे बरोबर आहे असं थ्रेडच्या बाबतीत म्हणता येत नाही हे त्या पाच मिनिटांत जेवढं पटलं तेवढं आधी कधीच पटलं नव्हतं. त्याच प्रोग्रामवर थ्रेड सॅनिटायझरही चालवून दाखवला, तो कुठल्या ओळीवर दोन थ्रेड भिडतायत ते लिहूनच देतो.

सेमाफोरची कल्पना डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांची, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीची, आणि अजून तशीच्या तशी वापरात आहे. आत एक आकडा आणि वाट बघणाऱ्यांची रांग, बस. सेम-वेट म्हटलं की आकडा शून्याच्या वर असेल तर एक कमी करून पुढे जा, नसेल तर झोपा. सेम-पोस्ट म्हटलं की आकडा एकने वाढतो आणि कोणी झोपलेलं असेल तर एकाला उठवलं जातं. बॅचमध्ये पिंपळगावकडचा एक मुलगा होता, तो लगेच म्हणाला की हे आमच्या मार्केटच्या भुईकाट्यासारखं झालं, काटे तीन असले तर तीनच ट्रॅक्टर वजनाला, बाकीचे लाइनीत, एक उतरला की पुढचा चढणार. मॅडमना ते आवडलं, पण त्यांनी त्याला तिथेच विचारलं की कोणता ट्रॅक्टर कोणत्या काट्यावर जाणार हे कोण ठरवतं? तो गप्प. आणि माझ्या मते पूर्ण कोर्सचा जीव या प्रश्नात आहे.

त्याचा सराव असा होता. डेटाबेस कनेक्शन पाच, थ्रेड वीस, सेमाफोरची सुरुवातीची किंमत पाच. थ्रेडने सेम-वेट करायचं, मोकळं कनेक्शन शोधायचं, वापरायचं, परत करायचं, सेम-पोस्ट. बघायला एकदम बरोबर, पाचाच्या वर कोणी आत जाणार नाही. पण मोकळं कनेक्शन शोधताना एका अ‍ॅरेवर फिरावं लागतं, आणि त्या अ‍ॅरेवर एकाच वेळी पाच जण फिरतायत कारण सेमाफोरनेच पाच जणांना परवानगी दिलीय! दोघांना एकच जागा मोकळी दिसते, दोघं तेच कनेक्शन उचलतात आणि एकाच्या क्वेरीचं उत्तर दुसऱ्याच्या हातात. म्हणजे सेमाफोर फक्त मोजतो, डेटा सांभाळत नाही. आत शोधायच्या तेवढ्या दोन-चार ओळींना वेगळा म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लागतोच. हा फरक न कळता सेमाफोर लावला की सुरक्षित वाटतं आणि नसतं, आणि असा कोड मी कामात वाचलेला आहे म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितेय.

प्रोड्युसर-कन्झ्युमरचा, म्हणजे एक थ्रेड बफरमध्ये माल टाकतो आणि दुसरा काढतो त्याचा, रविवार पण जबरदस्त. रिकाम्या जागांचा एक सेमाफोर, भरलेल्या जागांचा एक, आणि बफरसाठी एक म्युटेक्स. बरोबर चाललेल्या प्रोग्राममध्ये फक्त दोन ओळींची अदलाबदल करायला लावली, आधी म्युटेक्स घ्या, मग रिकाम्या जागेची वाट बघा. बफर भरला की प्रोड्युसर म्युटेक्स धरून झोपतो, कन्झ्युमरला जागा रिकामी करायला तोच म्युटेक्स लागतो, दोघं कायमचे अडकले. मग जीडीबी (चालू प्रोग्रामच्या आत बघायचं टूल) जोडून सगळ्या थ्रेडचे स्टॅक (कोणत्या फंक्शनमधून कुठे पोचला त्याची यादी) काढायला लावले, कोण कुठल्या ओळीवर थांबलंय ते प्रत्येकाला स्क्रीनवर दिसलं. अडकलेला प्रोग्राम मारून परत चालू करायची सवय असते ना सगळ्यांना, मारायच्या आधी त्याच्या आत बघायचं असतं ही सवय इथे लागते.

सुरुवातीची किंमत एक असलेला सेमाफोर आणि म्युटेक्स एकच का नाहीत यावर पण छान वेळ दिला. म्युटेक्स ज्याने घेतला त्यानेच सोडायचा, सेमाफोर कोणीही वाढवू शकतो, त्याला मालक नसतो. 1997 च्या मार्स पाथफाइंडरचं (नासाच्या मंगळावरच्या यानाचं) उदाहरण त्यांनी असं रंगवून सांगितलं की चहाचा ब्रेक विसरलो. कमी प्रायॉरिटीच्या हवामानाच्या टास्कने म्युटेक्स धरलेला, जास्त प्रायॉरिटीचा टास्क त्याच्यासाठी खोळंबलेला, आणि मधल्या प्रायॉरिटीचे टास्क धरणाऱ्याला चालूच देत नव्हते, मग वॉचडॉग (काम अडकलं की सिस्टिम परत चालू करणारी सोय) यान रीसेट करायचा. उपाय म्हणजे त्या म्युटेक्सचं प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू करणं, म्हणजे धरणाऱ्याला तेवढ्यापुरती वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी मिळते. मालकच माहीत नसेल तर प्रायॉरिटी देणार कोणाला, म्हणून साध्या सेमाफोरला हे जमत नाही. एम्बेडेडवाल्यांसाठी एवढा एक तास पण फी वसूल आहे.

जावा आणि पायथन मात्र उरकल्यासारखं वाटलं. जावात सेम-वेटला अ‍ॅक्वायर आणि सेम-पोस्टला रिलीज म्हणतात; रिलीज फायनलीमध्ये (काहीही झालं तरी चालणाऱ्या भागात) टाका, अ‍ॅक्वायर ट्रायच्या बाहेर ठेवा, नाहीतर परवानगी न मिळताच रिलीज होऊन आकडा फुगतो आणि जावा काही बोलत नाही. पायथनमध्ये बाउंडेड सेमाफोर वापरला तर तो अशा वेळी व्हॅल्यू एरर देतो. हे सांगितलं, छान सांगितलं, पण अर्ध्या तासात. बॅचमधले निम्मे लोक जावावाले होते, त्यांना अजून एक रविवार द्यायला पाहिजे होता. असिंक प्रोग्रामिंग (वाट बघत न थांबता दुसरं काम चालू ठेवायची पद्धत) तर नाहीच.

बाकीच्या तक्रारी. खोली लहान, मागच्या बाकावरून प्रोजेक्टर नीट दिसत नाही, लवकर जाऊन पुढे बसा. पार्किंग खाली नाही, गाडी लांब लावावी लागते. रेकॉर्डिंग देत नाहीत, एक रविवार चुकला तर दुसऱ्याच्या वहीवरच भिस्त. फी कॉलेज रोडच्या नेहमीच्या कोर्सेसपेक्षा जास्त आहे, दोन हप्त्यांत देता येते. शंका मात्र कितीही विचारा, मॅडम वर्ग संपल्यावर पण थांबतात, ओझरहून येणाऱ्या एका काकांचा कंपनीतला अडकणारा प्रोग्राम त्यांनी बसून सोडवायला मदत केली आणि उत्तर आयतं न देता त्यांच्याकडूनच काढून घेतलं.

जाणार असाल तर लॅपटॉपवर लिनक्स आधीच टाकून जा. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घरीच चालू करून बघा, आमच्या पहिल्या दिवसाचा बराच वेळ त्यातच गेला. मॅकवाल्यांनी पण व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स घ्या, कारण मॅकवर सेम-इनिट (सेमाफोर तयार करायचं फंक्शन) कंपाइल होतं पण चालवलं की चालत नाही, एरर कोड तपासला नाही तर कळत पण नाही. आणि जावासाठीच जायचं असेल तर प्रवेश घ्यायच्या आधी मॅडमशीच बोला, काउंटरवर विचारू नका.